बटणचा फोटो नीट येत नाही

३ फेब्रुवारी

सगळ्या मुलांचे फोटो चांगले येतात आणि एकाच मुलीचा बिघडतो, असं का व्हावं? दुपारपासून डोकं चालवतेय. मला सांगता येत नाही.

आज पाळणाघरातल्या मुलांचे फोटो काढले – माझ्या कॅमेऱ्यानं, माझ्या कमाईच्या! चंदेरी, तळहातावर मावणारा, मागे काड्यापेटीएवढा पडदा. आमचं पाळणाघर म्हणजे कपड्यांच्या कारखान्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. वर शिवणयंत्रांची घरघर, खाली पोरांची रडारड. सुट्टीच्या वेळी आई कार्ड दाखवते आणि मूल घेऊन जाते. कार्डावर आजवर नुसती नावं होती. गेल्या महिन्यात गर्दीत एकीचं मूल दुसरीच्या कडेवर गेलं. फाटकापाशीच सापडलं, पण तेवढ्या वेळात त्या आईचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. दुसऱ्याच दिवशी पाळणाघराच्या प्रमुखांना, म्हणजे मोठ्या बाईंना म्हटलं, कार्डांवर फोटो लावू या.

"स्टुडिओवाल्याला पैसे कोण देणार? तुझे वडील?"

मी म्हटलं, मी काढते. म्हणून कॅमेरा.

बाबा मला बीएस्सी म्हणतात. घराण्यात पहिली पदवी माझी, त्यामुळे त्याचा अभिमानही आहे आणि टिंगलही. "बीएस्सी, लोक पहिल्या पगारात घरी पंखा आणतात. तू डबी आणलीस." आई म्हणाली, आणू दे, हौस आहे. हौस नाही! हे कुणाला समजावून सांगू?

तर फोटो. फ्लॅशमुळे बऱ्याच मुलांचे डोळे लाल आलेत, सशासारखे. त्याचं कारण मला माहीत आहे – उजेड डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परत येतो. पण बटणचा एक डोळा लाल आणि एक पांढरा. दुधाचा थेंब पडावा तसा. तीनदा काढला, तिन्ही वेळा तसाच.

बटण म्हणजे दादाची मुलगी, माझी भाची. दोन वर्षांची व्हायची आहे. वहिनी वर काजाच्या यंत्रावर बसते, दिवसभर शर्टांना काजं पाडते. म्हणून तिची मुलगी ती बटण. हे नाव दादानंच ठेवलं. तो मालाची गाडी चालवतो, बहुतेक दिवस बाहेरच असतो.

घरचीच मुलगी आणि तिचाच फोटो वाईट. लोक म्हणतील, आत्याला तेवढंही जमलं नाही.

४ फेब्रुवारी

पुन्हा पांढरा. बाबा म्हणाले, कॅमेरा घरच्या माणसाला ओळखायला लागला, आता चावेल.

६ फेब्रुवारी

कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन भांडून आले.

दुकान म्हणजे अर्धा जुना स्टुडिओच. मागच्या भिंतीला रंगवलेला पडदा अजून आहे, त्यावर बाग आणि कारंजं. मालकांना सगळे फोटोवाले काका म्हणतात. उभा जन्म लोकांचे फोटो काढण्यात गेला, आता डब्या विकतो असं तेच सांगतात.

मी म्हटलं, लेन्स सदोष आहे. त्यांनी छोट्या पडद्यावर फोटो पाहिला, चष्मा वर सरकवून.

"बाकीच्या पोरांचे?"

"चांगले आलेत."

"म्हणजे लेन्सला तुमच्या भाचीचंच वावडं आहे."

गिऱ्हाइकं हसली. माझे कान तापले. मी पावती पुढे केली आणि म्हटलं, सदोष वस्तू बदलून मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. आवाज जरा चढलाच. अख्खं दुकान माझ्याकडे बघत होतं.

"हक्क आहेच हो, ताई. पण आधी हे एवढं दाबून बघा." त्यांनी एक कळ दाबली. पडद्यावर डोळ्याचं चित्र आलं. "आता फ्लॅश दोनदा उडेल. पहिल्यानं डोळ्याची बाहुली आखडते, दुसऱ्यानं फोटो निघतो. लाल नाही, पांढरा नाही. पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण पुस्तिका वाचली तर भांडायला काय उरणार?"

पुस्तिका वाचली नव्हती, हे खरं. मीच मुलांना सांगते, नीट बघून पाऊल टाका म्हणून.

७ फेब्रुवारी

दोनदा उडणाऱ्या फ्लॅशनं सगळ्यांचे डोळे काळेभोर आले. अगदी बाहुल्यांसारखे. बटणचा उजवा काळा झाला. डावा नाही. थोडा मळका झाला एवढंच, विरजलेल्या दुधासारखा.

संध्याकाळी घरी वहिनीला दाखवला. तिनं ओले हात पदराला पुसले, कॅमेरा घेतला, आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, हा कॅमेराच खराब आहे. परत करून टाका."

वहिनी कधी कुठल्या वस्तूला नाव ठेवत नाही. खारट झालं तरी न बोलता जेवते. मी म्हटलं, बाकीचे फोटो चांगले आलेत की.

"परत करा. घरात नको ठेवायला."

बटणला उचलून आत गेली. लाडानं नाही, झटक्यात – जणू मी तिला टोचणार होते.

१० फेब्रुवारी

काकांनी कॅमेरा बदलून दिला. खोकं माझ्यासमोर फोडलं. "आता तरी जाहीर सभा नको," म्हणाले.

बटणला घेऊनच गेले होते. त्या बागेच्या पडद्यापुढे स्टुलावर बसवली. तिला कारंजं आवडलं, हात लावून पाहिलं, ओलं नाही म्हणून माझ्याकडे तक्रारीनं बघितलं. तेवढ्यात फोटो काढला.

पांढरा. नवा कॅमेरा, नवी लेन्स, तोच डोळा.

मला रडूच आलं. खरंच! एवढ्या पैशांची वस्तू, आणि सोमवारी कार्डं द्यायचं मी कबूल केलेलं. काका विरघळले. "रडता काय? आणा इकडे." त्यांनी फोटो संगणकावर चढवला, डोळा मोठा केला. सगळा पडदाभर तो एकच डोळा. इतका मोठा की माणसाचा वाटेना. मग म्हणाले, आमच्या धंद्यात ह्याला काय लागतं? काळा ठिपका. बाहुलीएवढा गोल काळा भरायचा आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा सोडायचा. पांढरा विसरलात तर डोळा मेलेला दिसतो. तेवढ्यानं त्यात जीव येतो.

"घ्या, तुम्हीच करा. शिकलेल्या आहात."

मी केलं. पहिला ठिपका पापणीवर गेला, पुसला, दुसरा बरोबर बसला. फोटो लहान केला तर काय सांगू – बटण हसत होती, दोन्ही डोळे सारखे! काकांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, हात चांगला आहे, दुकानात या कामाला.

बटण टेबलाखाली बसून पावत्या फाडत होती.

१२ फेब्रुवारी

कार्डं दिली. आया एकमेकींना दाखवत होत्या. एकीनं कार्डाचा मुका घेतला. मोठ्या बाई म्हणाल्या, "शिकलीस ते पोरांच्या उपयोगी आलं हो." याहून मोठी शाबासकी त्या कुणाला देत नाहीत.

वहिनीनं बटणचं कार्ड यंत्राला समोरच चिकटवलंय, सुईच्या वर.

१७ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवते. घाई न करता.

सकाळी मुलांना ओळीत बसवून चेंडू घरंगळत सोडत होते. उजवीकडून आला की बटण झडप घालते. डावीकडून आला तर तिच्या गुडघ्याला लागून पुढे जातो, मग ती दचकते. दोनदा झालं. मग पाणी प्यायला उठली आणि डाव्या बाजूच्या कपाटाच्या कोपऱ्यावर आपटली. मोठ्या बाई म्हणाल्या, "धांदरट! आत्यावर गेलीय." बाकीच्या हसल्या. मीही हसले. कपाळावर तिथेच आधीचं एक टेंगूळ होतं, पिवळं पडलेलं.

हसता हसता थांबले.

कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या बाई सांगायच्या, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग बघा. मी आजवर काय केलं? फ्लॅश बदलला. कॅमेरा बदलला. शेवटी फोटोच बदलला! आणि गप्प बसले.

दुपारी मुलं झोपल्यावर बटणला घेऊन दाराशी बसले. ती दोनदा उडणारी कळ बंद केली. दाराकडे तोंड, भिंतीकडे तोंड. मग कॅमेरा उलटा धरला, वरचं खाली. डाग लेन्सवर असता तर आता दुसऱ्या डोळ्यावर जायला हवा होता.

गेला नाही.

शेजारी झोपलेल्या दोघांना तेवढ्यापुरतं उठवून त्यांचे काढले. दोन्ही डोळे लाल. स्वतःचा काढला. दोन्ही लाल.

मग तिच्यापुढे रिकामी रिळं ठेवली. ती एकावर एक चढवत बसली. मी मागून हळूच हातानं तिचा डावा डोळा झाकला. तिनं लक्षही दिलं नाही, रीळ बरोबर रिळावर ठेवलं. मग उजवा झाकला. तिचा हात हवेतच थांबला. रीळ खाली पडलं. दोन्ही हातांनी माझा हात ओढून काढायला लागली आणि मग ओरडली, असं ओरडली की झोपलेली सगळी पोरं उठली.

मी तिला घट्ट धरून बसले. सगळ्यांना वाटलं पडली.

१८ फेब्रुवारी

घरी सांगितलं. आधी वाटलं होतं सगळे घाबरतील. घाबरले नाहीत, त्याचीच मला भीती वाटतेय.

आई म्हणाली, लहान मुलांचे डोळे बसायला वेळ लागतो, तुझेही तिरळे वाटायचे. बाबा म्हणाले, "डबी बिघडली ती बिघडली, आता पोरगीही बिघडली म्हण." मी ते रिळांचं सांगितलं. बाबा म्हणाले, तुझा डोळा मागून कुणी झाकला तर तूही ओरडशील.

"मग डावा झाकल्यावर का नाही ओरडली?"

मोरीत वहिनी भांडी घासत होती. भांडी संपली तरी नळ चालूच होता.

१९ फेब्रुवारी

कॅमेरा सुरूच होईना. उघडून पाहिलं तर आत सेल नाहीत.

स्वयंपाकघरातलं घड्याळ, जे गेलं वर्षभर सव्वाचारवर उभं होतं, ते चालू झालंय. टिकटिक मला खोलीत ऐकू आली म्हणून बघायला गेले. वहिनी खाली मान घालून तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "घड्याळाला सेल नव्हता. घातला."

"आणि दुसरा?"

"बॅटरीत घातला. अंधारात लागते."

इतके महिने लागली नाही. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि निवडायला लागले. बाहेर आई कुणाशी तरी बोलत होती. थोड्या वेळानं वहिनीच बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. ती जसं बोलली तसं लिहिते.

"चालायला लागली तेव्हापासून बघतेय मी. एकदा दिवे गेले. मेणबत्ती घेऊन तिच्याजवळ गेले तर डोळा चमकला, मांजराचा चमकतो तसा. परत मेणबत्ती लावली नाही मी. दिवे गेले की तिला कुशीत घेऊन बसते, तोंड आत करून."

मग, "तुम्ही म्हणालात कॅमेरा खराब आहे, तेव्हा इतकं बरं वाटलं, वन्सं. वाटलं, बघा, शिकलेलं माणूस सांगतंय."

मी म्हटलं, उद्या दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, यांना विचारून. मी म्हटलं, दाखवायला कशाला विचारायचं, दादा गाडी घेऊन कुठल्या कुठे आहे. तिनं निवडलेलं सगळं पुन्हा एकदा निवडलं. मग हो म्हणाली.

२० फेब्रुवारी

मोठ्या दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात. बाकावर जागा नव्हती, भिंतीला टेकून उभ्या होतो. बटणच्या डोळ्यात थेंब घातले, ते मुरेपर्यंत थांबलो. ती सगळ्यांना टाटा करत होती.

डॉक्टरीणबाई माझ्याहून फार मोठ्या नसतील. आधी खूप बोलत होत्या – नाव काय, बटण? मग तुझा शर्ट कुठे? अंधाऱ्या खोलीत डाव्या डोळ्यात बघितलं आणि बोलणं थांबलं. पुन्हा बघितलं. मग दुसऱ्या, वयस्कर डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही बघितलं. बटणच तेवढी बोलत होती.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, कधी लक्षात आलं? वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, फोटोत. मला वाटलं कॅमेरा सदोष आहे.

"कॅमेरा उत्तम आहे तुमचा. फोटो आहे का?"

कॅमेऱ्यात सेल नव्हते. वहिनीनं पिशवीतून कार्ड काढून दिलं. यंत्रावरून काढून आणलं होतं, चिकटपट्टी अजून तशीच. डॉक्टरीणबाईंनी कार्ड उजेडात धरलं, जवळ नेलं, लांब नेलं.

"ह्यात तर काहीच नाही."

"तो ठिपका आहे," मी म्हटलं. "वरून भरलेला."

"कुणी?"

"मी."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कार्ड वहिनीला परत दिलं.

डोळ्याच्या आत गाठ आहे. डावा डोळा गाठीनं भरत आलाय, त्या डोळ्यानं तिला दिसत नाही. उजवा आज स्वच्छ आहे. डोळा काढावा लागेल. डोळा वाचवायची वेळ गेली, आता मुलगी वाचवायची, असं म्हणाल्या. गाठ मागच्या शिरेत उतरली तर तिथून मेंदू लांब नाही. किती वेळ आहे, मी विचारलं. "तो मला दिसत नाही, म्हणून तर घाई करतेय." पुढच्या सोमवारची वेळ दिली. आईवडिलांपैकी एकाची सही लागेल.

वहिनी म्हणाली, "काढायचा म्हणजे... पूर्ण?"

परत येताना बटण माझ्या खांद्यावर झोपली. तिचा डावा गाल माझ्या गालाला लागत होता. ऊन ऊन.

२१ फेब्रुवारी

घरात फोन माझ्याकडेच आहे. दादाचा आला तेव्हा आम्ही सगळे एकत्र बसलो होतो. मी सांगायला लागले. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. मागे दुसऱ्या गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते.

मग म्हणाला, "डोळा काढून टाकणार? पोरीचा? आणि ठेवणार काय तिथं, गोटी?"

मी म्हटलं, दादा, मेंदूत गेली तर –

"तुझ्या डॉक्टरीणबाईला रोज तिचं तोंड बघायचं नाही. मला बघायचंय." त्याच्याबरोबरच्या एका ड्रायव्हरनं कुणाचा तरी पत्ता दिलाय. तो माणूस थेंब देतो. कुणाच्या तरी पोराच्या डोळ्यात पडलेलं फूल त्यानं गेलं म्हणे. मी म्हटलं, हे फूल नाही. तो म्हणाला, "तू आधी कॅमेरा खराब म्हणालीस. मग फोटो चांगला केलास. आता म्हणतेस डोळा काढा. तुझं कितवं खरं धरू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी येतोय. माल उतरवला की निघतो. मी येईपर्यंत कुणी तिला हात लावायचा नाही." आणि मग त्याचा आवाज फाटला. एवढा आडदांड माणूस. "तिला दे जरा फोनवर." बटणनं फोन चाटला आणि 'बाबा गाडी' म्हणाली. पलीकडे नुसते भोंगे.

बाबा म्हणाले, पोर त्याची आहे, त्याला ठरवू दे. आई रडत होती. म्हणाली, मुलीच्या जातीला एक डोळा नसला तर जन्मभर लोक काय म्हणतील. मी म्हटलं, जन्म राहिला तर म्हणतील ना. आईनं डोळे पुसले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तू शिकलीस, चांगलं केलंस. पण तू तिची आई नाहीस."

आम्ही दोघींनी वहिनीकडे पाहिलं. ती बटणची नखं कापत होती. लहान बोटं, एकेक धरून.

२२ फेब्रुवारी

बटणनं आज डोळा चोळला. चार वेळा. डावाच. कुणाला सांगितलं नाही.

२३ फेब्रुवारी

न बदललेले फोटो डॉक्टरांना द्यायचे म्हणून फोटोवाल्या काकांकडे गेले. ते त्यांच्या संगणकावर आहेत. मला पाहताच त्यांनी हात जोडले. "तिसरा कॅमेरा मागू नका, ताई. माझं दुकान संपेल, तुमची तक्रार संपायची नाही."

मी कारण सांगितलं. फार न सांगता.

ते स्टुलावर बसले. त्याच, बटणला बसवलं होतं त्या. चष्मा काढून पुसायला लागले. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाले, नंतर या.

"म्हणजे ते आजारपण असतं?"

मी म्हटलं, हो. नेहमी नाही, पण असू शकतं.

"माझ्याकडे आली होती अशी. दोन. का तीन." त्या बागेच्या पडद्याकडे बघत बोलत होते. "मोठा फ्लॅश होता तेव्हा. कागदावर एक डोळा पांढरा यायचा. मी ब्रशनं काळी शाई भरायचो. मला वाटायचं, फोटो बिघडला तर माझीच चूक. आया खूश व्हायच्या."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"एक बाई दर वाढदिवसाला मुलाला घेऊन यायची. दोन वर्षं भरली मी शाई. तिसऱ्या वर्षी आली नाही. मला वाटलं, समोरच्या स्टुडिओत जायला लागली. मला राग आला होता तिचा. इतकी वर्षं राग होता."

फोटो त्यांनी काढून दिले. "पैसे नकोत," म्हणाले. "जा तुम्ही. लवकर जा."

बाहेर रस्त्यावर सगळं नेहमीसारखं होतं. एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले.

मी मुलांसाठी काहीतरी करीन असं पदवी घेताना ठरवलं होतं. ते मनातल्या मनात किती थाटात म्हटलं होतं, आज आठवलं. काळा ठिपका आणि त्यावर एक पांढरा, जीव यायला. एवढंच केलं मी आजवर.

२५ फेब्रुवारी

रविवार. दादाचा पत्ता नाही, गाडी कुठेतरी अडकलीय. बाबा सारखे दाराशी जातात आणि परत येतात. आई बटणला एवढं भरवतेय की तिनं उलटी केली.

दुपारी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होतो. वहिनीनं बटणचा एक फ्रॉक झटकला, घडी घातली, पुन्हा उलगडला.

"वन्सं, तो खोटा डोळा... झोपताना काढून ठेवावा लागतो का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. विचारते.

"आणि तो रडतो का?"

तेही मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "रडत असेल. पाणी तर पापण्यांचं असतं." आणि फ्रॉक पिशवीत घातला, कपाटात ठेवायच्या ढिगावर नाही.

२६ फेब्रुवारी

मोठ्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावरच्या बाकावर. घरी सगळ्यांना वाटतंय आम्ही कारखान्यात आहोत.

आत्ता दादाचा फोन येऊन गेला. उद्या सकाळी पोचतोय. बटणचे कपडे भरून ठेवा म्हणाला, तिला घेऊन लगेच त्या थेंबवाल्याकडे निघायचंय. "तोवर काही करू नका. कळलं ना?"

मी म्हटलं, "बरं."

वहिनी शेजारी बसली आहे. बटणचे दोन्ही पायमोजे तिच्या मुठीत आहेत. सही तिनं सकाळीच केली. पेन मी धरलं होतं, तिच्या हातासकट. बटणला आत नेऊन तास होऊन गेला.